एका बटणातली वाटणी

इंदूताई तळेकरांच्या बिनतारी सेटमधल्या दोघा भावांनी सोमवारी सकाळी वाटणी मागितली.

सेट तो केवढा, तर पानाच्या डब्याएवढा. ऐकायचं त्यातूनच आणि बोलायचंही त्यातूनच. तोंडावर दाबायचं-फिरवायचं बटण एकच, हरभऱ्याहून जरा मोठं, आणि त्या एका बटणात दोन भावांचा संसार. थोरला आवाज लहानमोठा करायचा, धाकटा स्टेशन लावायचा. एकदा दाबलं की थोरला दारात यायचा, दोनदा दाबलं की धाकटा. इंदूताईंची बोटं धड होती तोवर सगळं सुरळीत चाललं. मग बोटांत वात शिरला. दाबायचं एकदा तर दाबलं जायचं दोनदा, दोघे भाऊ एकदम दारात यायचे आणि कपाळाला कपाळ आपटायचं.

"रोज टेंगूळ घेऊन किती दिवस काढायचे?" थोरला म्हणाला. "आमची चूल वेगळी करा."

"मीही तेच म्हणतो," धाकटा म्हणाला.

दोघांचं एवढं एकमत इंदूताईंनी आजवर पाहिलं नव्हतं. तरी त्यांनी विषय दिवाळीवर ढकलला असता, पण त्याच दुपारी रेहाना मुकादम बोलली.

इंदूताई राहायच्या गगनबावड्याला, घाटमाथ्यावर. रेहाना खाली समुद्राकाठी, हर्णैला. दोघी चारच्या चहाला हवेवर भेटायच्या. इतकी वर्षं बोलत होत्या, पण एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं की फोन नंबर घेतला नव्हता. रोज भेट होत असताना नंबर लागतो कशाला?

"इंदू गो," रेहाना म्हणत होती, "महिनाभर मी एकटीच बडबडते. ऐकतेस की नाहीस, काय कळत नाही. लेक म्हणतो, एरियलचा खांब कशाला ठेवायचा. शुक्रवारी नमाज झाला की माणसं येऊन उतरवणार. त्याआधी एकदा बोल गो."

इंदूताई ऐकत होत्या ना! पण उत्तर द्यायचं तर हातातल्या माइकचा खटका दाबून धरायला लागतो, आणि तो तिळाएवढा, वर ताठर. अंगठा घसरला. सावरायला गेल्या तर दुसरा हात बटणावर पडला. दोघे भाऊ धावत बाहेर आले, आणि रेहाना खरखरीत बुडाली.

इंदूताईंनी पदर खोचला आणि तलाठ्याकडे गेल्या.

तलाठी बिडकर भाऊसाहेब गुरुवारी सकाळी मोजणीची साखळी घेऊन आले. साखळी सेटपेक्षा मोठी पडली, म्हणून त्यांनी इंदूताईंचा शिवणाचा टेप मागून घेतला.

"चतुःसीमा सांगा."

"पूर्वेला स्टेशनचे आकडे दाखवणारा पडदा," थोरला सांगू लागला. "पश्चिमेला एरियलचं भोक. उत्तरेला वरची कड. दक्षिणेला काही नाही, दक्षिणेला टेबल."

"हा पडदाच निम्मी जागा खाऊन बसलाय की," भाऊसाहेब म्हणाले.

"मी इथला मूळचा," पडदा म्हणाला. "सूतभर सरकणार नाही."

"नका सरकू. तोंडावरचं गावठाण संपलं म्हणायचं. पडीक कुठं आहे का, ताई?"

"आहे तर," इंदूताई म्हणाल्या. "वरची कड मोकळी, डावी बाजू मोकळी. सेट हातात घेतला की बोटं आपसूक तिथंच जातात. पण धरायला तिथं काही नाही."

रीतीप्रमाणे थोरल्यानं वाटे घातले. एका बाजूला राहतं घर, दुसऱ्या बाजूला कड आणि डावी बाजू मिळून. रीतीप्रमाणे पहिला वाटा धाकट्यानं उचलायचा. धाकट्यानं कड उचलली.

"घर दादाला राहू दे," तो म्हणाला. "मला हिंडायला लागतं. उघड्यावर बरं."

भाऊसाहेब टेप गुंडाळायला लागले, तशा इंदूताई म्हणाल्या, "आणि बहिणीला विचारलंत का?"

बहीण म्हणजे बोलायचा खटका. तिला वायरीच्या पार टोकाला, माइकच्या घरी दिली होती.

"तिची हक्कसोड घेऊ की," थोरला म्हणाला. "साडी नेसवू चांगली."

अशी एक साडी इंदूताईंनाही मिळाली होती. अबोली रंगाची, बारीक काठाची. दुसऱ्याच धुण्याला विरली.

"तिला बोलवा," त्या म्हणाल्या.

बोलावलं, ती आली. "साडी कुठं नेसू, दादा?" म्हणाली. "मला डावी बाजू द्या. सगळी. त्या तिळाएवढ्या खोलीत पाठ मोडली माझी. ताईंनी नुसता तळवा टेकला तरी मला कळावं, एवढी जागा हवी."

"पण ती माझ्या वाट्याला आलीय," धाकटा म्हणाला.

"बरं. तू स्टेशन लावशील. दादा आवाज वाढवेल. समोरच्याला उत्तर कोण देणार?"

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला.

"कायद्यानं बरोबर आहे," ते म्हणाले. "आणि तसंही बरोबर आहे."

संध्याकाळपर्यंत ज्यानं त्यानं आपापलं बांधून घेतलं. थोरल्यानं जुनंच घर ऐसपैस केलं, भिंती गुळगुळीत ठेवल्या. धाकट्यानं कडेवर लिंबाएवढं चाक उभारलं आणि त्याला भोवतीनं खाचा पाडल्या. म्हणजे न बघताही बोटाला कळावं, आपण कुणाच्या दारात आहोत ते. बहिणीनं डाव्या अंगाला रुंद ओटा घातला, दाबला की मऊ लागणारा. पडदा रुसून अंधुक झाला, पण त्याच्याकडे बघायची आता गरजच पडत नव्हती.

शुक्रवारी दुपारी इंदूताईंनी सेट मांडीवर घेतला. बोटांनी खाचा चाचपल्या, चाक हलकेच फिरवलं. खरखर, मग कुणाची तरी शिट्टी, मग रेहाना. आवाज बारीक होता. थोरल्याला जरा फिरवलं, तो एकटाच दारात आला.

"...माणसं वर चढलीत गो. ही माझी शेवटची हाक समज."

इंदूताईंनी बहिणीवर तळवा टेकला.

"आहे गं, रेहाना. इथंच आहे. आमच्याकडे वाटणी चालली होती."

पलीकडे कुणीतरी नाक ओढलं. मग रेहानानं विचारलं, "कुणाची?"

"दोघा भावांची."

"आणि बहिणीला काय दिलं?"

"डावी बाजू. सगळी."

मग माइक तोंडापासून लांब धरून रेहाना ओरडली, ते गगनबावड्याला लख्ख ऐकू आलं.

"अरे, उतरा रे खाली! चहा घ्या आणि घरी जा!"