सोबत कोण येणार?

मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे वीस मिनिटांचं काम. पण दवाखान्यातल्या नर्सने फॉर्मच्या एका रकान्यावर बोट ठेवलं आणि आमच्या निवृत्त हेडक्लार्कांची गाडी तिथेच अडली. 'सोबत येणाऱ्या व्यक्तीचे नाव व नाते.'

"मी एकटाच येईन आणि एकटाच जाईन," हेडक्लार्क म्हणाले.

"डोळ्याला पट्टी बांधून रस्ता ओलांडणार? नातेवाईक आणा. मंगळवारपर्यंत."

बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. शेजारी भले होते, पण कुणाकडे काही मागणं हेडक्लार्कांना जमत नसे. (चाळीस वर्षं लोकांचे अर्ज फेटाळलेल्या माणसाला स्वतः अर्ज करणं जड जातं.) त्यांनी ठरवलं, रक्ताचंच माणूस शोधून काढायचं. दवाखान्यातून घरापर्यंत हात धरायला कुणी हवं म्हणून गृहस्थ तीन पिढ्या मागे निघाले.

पहिला फोन आत्याला. आत्या नव्वदीची, लांब राहणारी. तिला खुर्चीतून उठवायलाच दोन माणसं लागत.

"माझी आत्या तुमच्याच गावात दिली होती," ती म्हणाली. "पुराच्या वर्षी, तुमच्याच चर्चमध्ये लग्न लागलं. मी सहा वर्षांची होते. सात मुलं झाली तिला. नातवंडं-पतवंडं गल्लीभर असतील. नवरा ट्रम्पेट वाजवायचा. भयंकर वाजवायचा."

"त्याचं आडनाव काय?"

"आडनाव कोण लक्षात ठेवतं? ट्रम्पेट मात्र अजून कानात आहे."

'गल्लीभर' हा शब्द मनात घोळवत हेडक्लार्क घरभर फिरले. त्या नादात चहा दोन कप केला. दोन्ही त्यांनाच प्यावे लागले.

चर्चच्या कचेरीत नोंदवह्या सांभाळणाऱ्या बाई कडक होत्या. त्यांनी अर्ज भरून घेतला, सही घेतली आणि हेडक्लार्कांच्या खिशातलं पेन काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. "वह्यांजवळ फक्त पेन्सिल," त्या म्हणाल्या.

पुराचं वर्ष सापडलं. हेडक्लार्कांच्या डोळ्यांपुढे धुकं, म्हणून बाईच वाचू लागल्या. "वधू तुमच्या आडनावाची आहे खरी. वराचं नाव, वाचता येत नाही."

"अक्षर पुसलंय?"

"अक्षर चांगलं स्वच्छ आहे. तेच लिहिलंय, 'वाचता येत नाही.' खाली आणखी सहा ओळी तेच." बाईंनी उसासा टाकला. "ही नक्कल आहे. मूळ वहीला वाळवी लागली होती, म्हणून नक्कल झाल्यावर जाळली. कुठला कामचुकार बसवला होता कुणास ठाऊक. त्याच्यापायी किती लोकांना मी हात हलवत परत पाठवलंय."

हेडक्लार्कांचं रक्त उसळलं. असला माणूस आपल्या हाताखाली असता तर एका दिवसात सरळ केला असता, असं त्यांनी सांगितलं. बाईंनी त्यात भर घातली. अर्धा तास दोघांनी मिळून त्या कामचुकाराचे वाभाडे काढले. हेडक्लार्कांना फार बरं वाटलं, कारण दोन वर्षांत त्यांच्याशी इतका वेळ कुणी बोललंच नव्हतं.

"बघू तरी हा दिवटा कोण," म्हणत त्यांनी भिंग मागितलं. पानाच्या तळाशी नक्कल करणाऱ्याची सही होती. शेवटी शेपटी दोनदा वळवलेली.

शेपटी त्यांचीच होती.

तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. शनिवारी चर्चच्या वह्या फुकट उतरवून देत. साडेपाचला पोस्टाच्या कोपऱ्यावर एक मुलगी उभी राहायची, आणि त्या दिवशी सव्वापाचला सात ओळी उरल्या होत्या. "आज वेळेवर आलात," ती म्हणाली होती. पुढे तिच्याशीच लग्न झालं. खरं सांगायचं तर हेडक्लार्कांनी पुन्हाही तेच केलं असतं. पण आता ती नव्हती, आणि गल्लीभर माणसंही त्यांनी स्वतःच्या हाताने घालवली होती. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

बाईंनी तोवर त्यांचा अर्ज वहीशेजारी ठेवला होता. "पन्नास वर्षांत शेपटी काही बदलली नाही," त्या म्हणाल्या.

"त्या दिवशी जरा काम होतं," हेडक्लार्क म्हणाले. आणि मग सगळंच सांगून बसले. पोस्टाचा कोपरा, दोन कप चहा, मंगळवार, फॉर्म.

बाईंनी वही मिटली. "आणखी तीन वह्यांना वाळवी लागलीय," त्या म्हणाल्या. "डोळे बरे झाले की दर शनिवारी यायचं. सहापर्यंत सुटका नाही."

"येईन. आता कोपऱ्यावर कुणी वाट बघत नाही."

"मग डोळे बरे होतात की नाही यावर मलाच लक्ष ठेवायला हवं. द्या तो फॉर्म." बाईंनी आपलं नाव लिहिलं आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली.

"नातं काय लिहू?"

"ते तुम्हीच ठरवा. अडलं तर काय लिहायचं ते तुम्हाला पाठ आहे."

हेडक्लार्कांनी विचार केला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'वाचता येत नाही.'

मंगळवारी नर्सने तो रकाना पाहिला, मान हलवली आणि आत डॉक्टरांना सांगितलं, "पेशंटला आधी घ्या. फॉर्मसुद्धा दिसत नाहीये त्यांना."