टेबलावरची उघडी वही

बुधवारी सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी नॉर्वेतल्या ‘सोलवोग’ कंपनीने फेसबुकवर एक फोटो टाकला. सोलवोग टोमॅटोतल्या बांगड्याचे डबे बनवते. फोटोत कंपनीचा प्रमुख ऑस्ब्यर्न स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून बांगडा लावलेला ब्रेड खात होता. खाली लिहिलं होतं : ‘ईस्टरला आम्ही घरीच. तुम्हीही घरीच राहा.’

साथ सुरू होऊन महिना झाला होता. डोंगरातल्या स्वतःच्या सुट्टीच्या लाकडी घरात मुक्काम करायलाही यंदा सरकारने बंदी घातली होती. शहरातली माणसं तिथे जाऊन आजारी पडली, तर खोऱ्यातल्या छोट्या दवाखान्यांत तेवढ्या खाटा नव्हत्या. बंदी सगळ्यांना पटली होती. प्रत्येकाला ती शेजाऱ्याच्या बाबतीत विशेष पटली होती.

ऑस्ब्यर्नने पाठवलेला हा फोटो टाकला होता तोरहिल्डने, बर्गनमधल्या आपल्या एका खोलीतून. तिची नोकरी हंगामी होती आणि येत्या मंगळवारी संपत होती. कायमच्या करारावर ऑस्ब्यर्नची सही तेवढी व्हायची होती.

नऊ अकराला पहिली प्रतिक्रिया आली : ‘खिडकीबाहेर बर्फ कसा? बर्गनमध्ये आठवडाभर पाऊस आहे.’

तोरहिल्डने ऑस्ब्यर्नला फोन लावला. “अरे, खिडकीत बर्फ दिसतोय.”

“पडदा आहे तो. पांढरा.”

“पडद्याला स्की टेकवून ठेवल्यात.”

पलीकडे चुलीत लाकूड तडतडलं. “नक्षी आहे म्हणून सांग,” ऑस्ब्यर्न म्हणाला.

कंपनीच्या संकटकाळातल्या नियमावलीत लिहिलं होतं की प्रत्येक प्रतिक्रियेला दहा मिनिटांत, आपुलकीने उत्तर द्यावं. तोरहिल्डने आपुलकीने लिहिलं, ‘पडद्याची नक्षी आवडली ना? धन्यवाद!’

इथे चूक झाली. ईस्टरच्या सुट्टीत नॉर्वेतला माणूस खुनाच्या रहस्यकथा वाचतो. दुधाच्या खोक्यावरही छापलेल्या असतात. यंदा वाचनालयं बंद होती, वेळ भरपूर होता, आणि समोर आयताच संशयित बसला होता. साडेदहापर्यंत चारशे गुप्तहेर कामाला लागले. कुणाला रॉकेलचा कंदील सापडला, कुणाला पाण्याची बादली. स्तावांगरच्या एका आजोबांनी दाराजवळच्या खिळ्याला लटकणारी, लाकडी ठोकळा बांधलेली किल्ली लाल वर्तुळात दाखवली आणि विचारलं, ‘बर्गनमध्ये हल्ली संडास अंगणात असतो काय?’

तोरहिल्डने संपर्कप्रमुख पोलला गाठलं. नियमावली त्यानेच लिहिली होती.

“पोल, फोटो काढून टाकू?”

“छे! नियम तीन. टाकलेलं कधीही काढायचं नाही. लोकांना वाटतं आपण काहीतरी लपवतोय.”

“आपण लपवतोयच ना?”

“तू शांत राहा. मी साक्ष देतो.”

अकरा वाजता पोलने स्वतःच्या नावाने लिहिलं, ‘ऑस्ब्यर्नच्या बर्गनमधल्या या टेबलावर मी कितीदा जेवलोय. मी स्वतः महिनाभर उंबरा ओलांडलेला नाही.’

अकरा चाळीसला ट्रॉनहाइमच्या एका दंततंत्रज्ञ बाईने फोटोचा कोपरा मोठा करून उलटा फिरवला. टेबलावर वही उघडी होती. डोंगरातल्या प्रत्येक घरात अशी वही असते. आलेल्याने तारीख, हवा, बर्फ आणि पाहुणे यांची नोंद करायची, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. बंदी मोडणारा माणूससुद्धा वही कोरी ठेवत नाही. ऑस्ब्यर्नचं अक्षर सुरेख होतं :

‘७ एप्रिल. कडक ऊन. बर्फ उत्तम. पोल वॅफल घेऊन मुक्कामाला आला. दोघांत दोन मीटर अंतर पाळलं.’

बारा वाजता पोलचा फोन आला. “काढ तो फोटो!”

“नियम तीन.”

“नियम मी लिहिलाय!”

“कुठे बसून?” तोरहिल्डने विचारलं.

पोलने फोन ठेवला. सव्वाबाराला त्या खोऱ्याच्या गावसभेने फोटोखाली लिहिलं, ‘घर ओळखलं. आमचा माणूस निघालाय. वॅफल शिल्लक आहेत का?’ त्याला नऊ हजार लोकांनी बदाम दिले. दोन वाजेपर्यंत डोंगरावरून खाली येणाऱ्या गाड्यांची रांग लागली. स्वतःच्या वह्या आठवून बरेच जण आपणहून निघाले होते. रांगेत तिसरी गाडी ऑस्ब्यर्नची होती. त्याने संदेश पाठवला, ‘कराराचं मंगळवारी बघू. बघू म्हणजे बघूच.’

तोरहिल्डने सामान भरायला रिकामी खोकी कुठे मिळतील याचा विचार सुरू केला.

चार वाजता कंपनीच्या संचालक मंडळाची अध्यक्ष रग्नफ्रिड हिचा व्हिडिओ कॉल आला. ती तोरहिल्डपासून दोन गल्ल्या सोडून राहायची.

“लाज आणली दोघांनी,” रग्नफ्रिड कडाडली. “घरी बसा म्हणायचं आणि स्वतः डोंगरावर! आणि तू ते छापलंस. तुला ठेवायचं तरी कशाला?”

तोरहिल्डने खिडकीकडे पाहिलं. काचेवरून पाणी ओघळत होतं. मग तिने स्क्रीनकडे पाहिलं. रग्नफ्रिडचा अर्धा चेहरा उन्हाने उजळला होता आणि नाक चांगलंच भाजलेलं होतं.

“रग्नफ्रिड, मला काही म्हणायचं नाही,” ती म्हणाली. “पण तुमच्या गल्लीत पाऊस थांबला का?”

रग्नफ्रिडने हात लांब करून खिडकीचा पडदा ओढला. चित्र अंधारलं.

“कराराचा कागद पाठव,” अंधारातून आवाज आला. “सही मीच करते. आत्ता.”

कागद चार वाजून नऊ मिनिटांनी गेला. सहा वाजेपर्यंत सही आलेली नव्हती. डोंगरात नेट फार हळू चालतं.