पोखरकरकाकांची तपासणी

आमच्या पुनावळ्याच्या सोसायटीत गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद म्हणून काकडीच्या फोडी मिळतात. कुणी हौसेनं पेढे आणलेच, तर पोखरकरकाका बॉक्स उघडतात, वास घेतात, झाकण लावतात आणि म्हणतात, "रिजेक्ट!"

काका चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होते. रिटायर झाले, पण तपासणीची खोड काही गेली नाही. तिथे पार्ट तपासायचे, इथे पोटं तपासतात. कुणी लिफ्टजवळ दिसलं की हे आडवे उभे. "कितवा मजला? तिसरा? मग पाय काय शोकेसमध्ये ठेवायला दिलेत?" वडापाव खाताना सापडलात, तर कमरेकडे बघून तिथल्या तिथे निकाल: "टॉलरन्सच्या बाहेर गेलात, राव!" म्हणजे कंपनी चालवून घेईल त्या मापाच्या पलीकडे.

त्यात महापालिकेनं बागेत व्यायामाची यंत्रं बसवली आणि सोसायट्यांना चालण्याचे गट करायला सांगितलं. मग काय विचारता! भल्या सकाळी दाराची बेल. उघडलं की काका हजर. "चला, लाइन सुरू झाली!"

मी स्वतः काडीपैलवान. माझा शर्ट माझ्यापेक्षा हँगरवर जास्त शोभतो, असं बायकोचं मत. तरी मला सूट नाही. "अंडरसाइझसुद्धा रिजेक्टच असतो," हे वर ऐकायचं.

गंमत अशी की मंगलकाकू, म्हणजे काकांच्या मिसेस, अंगानं चांगल्याच भरलेल्या. त्यांना मात्र काका चकार शब्द बोलत नसत. "घरात तोंड उघडायची टाप आहे का त्यांची?" असं म्हणून आम्ही सगळे हसायचो.

एका सकाळी माझी झोप झाली नव्हती. जिना उतरता उतरता मी चिडून म्हटलं, "काका, पुरे झालं! मला कशाला पिळताय? आधी घरात बघा की!"

काका पायरीवर बसले. बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली.

"डॉक्टर म्हणालेत, ती चालली नाही तर गुडघे जातील. पुतणीच्या लग्नात फोटो काढताना तिला कुणीतरी बाजूला व्हायला सांगितलं. जागा फार लागते म्हणे. सगळे हसले. तेव्हापासून ती खाली उतरत नाही. आता मीही तिला एकटीलाच सांगू, तू चाल म्हणून? लागेल हो तिला. म्हणून सगळ्यांनाच पिळतो. रोज गॅलरीतून बघते आपल्याला. वाटतं, कधीतरी येईल."

मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मी बेल वाजायच्या आधीच बूट घालून बसू लागलो.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी आम्ही खाली जमलो होतो. लिफ्टचं दार उघडलं आणि मंगलकाकू बाहेर आल्या. साडीखाली नवेकोरे स्पोर्ट्स शूज.

"सगळी सोसायटी चालतेय, मग मी एकटीच वर बसून काय करू?" त्या म्हणाल्या. "आणि लिफ्टनं आले म्हणून आरडाओरडा करू नका हं."

काकांनी आरडाओरडा केला नाही. त्या नव्या शूजकडे बघून एवढंच म्हणाले, "चला."

आम्ही निघालो. सवयीनं माझे पाय झपझप पडायला लागले, तसा काकांनी मागून माझा शर्ट धरला.

"हळू चाला हो," ते कुजबुजले. "आजपासून सगळ्यांनीच हळू चालायचं."