ऐनावरचा देखणा

तुडतुडे ओळखण्यात माझा हात धरणारं कर्जत-खालापुरात कुणी नाही! तुडतुडा म्हणजे तांदळाच्या दाण्याहून लहान किडा. पानाखाली बसून रस पितो, बोट नेलं की तिरका पळतो आणि टुणकन गायब! कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवता शिकवता मी त्याच्या नादी लागले. मेख एवढीच, की सगळे दिसतात सारखे. नक्की जात कळते ती नराच्या शेपटाकडचा भाग कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर. मादी हाती लागली की हात हलवत परत!

त्या रविवारी ठाकुरवाडीकडच्या रानात ऐनाच्या झाडावर एका पानाखाली मला तो दिसला. पंखांवर लाल नक्षी! पुस्तकातसुद्धा असा नव्हता! घरी येताच खोपोलीच्या हर्षलाला, म्हणजे माझ्या मैत्रिणीला, फोन लावला. मोठा सूक्ष्मदर्शक तिच्याकडेच.

"हर्षला, मिळाला गं! अखेर मिळाला! काय देखणा आहे! ठाकुरवाडीचा. हो, घरीच आणलाय... छे, आईला कशाला सांगू? तिला त्यातलं काय कळतंय!... नाही, हालचाल नाही. अल्कोहोलात बुडालाय ना!... उद्या आणते, कापून बघू."

दाराबाहेर आई उभी होती. पस्तिशीच्या बिनलग्नाच्या मुलीची आई!

मी मात्र दमून गाढ झोपले. संध्याकाळी उठले तर बाहेरच्या खोलीत खालापूरचा लडकूमामा आणि डोळ्यांना पदर लावलेली द्वारकामावशी!

"कुठं हाय तो?" मामा गरजला.

"तुम्ही त्याला बघायला आलात?" मला भरूनच आलं. एवढी वर्षं माझ्या तुडतुड्यांना घरात कुणी विचारलं नव्हतं!

"पितो म्हनं!"

"पिणारच! त्यावरच तर जगतो."

"आनि कामधंदा?"

"उड्या मारतो."

"घरचे काय करतात गं त्याचे?" मावशीनं हुंदका दिला.

"तेच! सगळं खानदान एकाच झाडावर."

"आनि तू त्याला कापनार हायस?"

"कापल्याशिवाय जात कशी कळणार, मामा?"

"अगं, जात इचारून कळते! कापून नाय!"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. "अहो मामा, किडा आहे तो! बाटलीत ठेवलाय!" म्हणत मी सगळ्यांना टेबलाशी नेलं. बाटली रिकामी!

"ती होय?" आई म्हणाली. "दारूचा वास आला म्हणून मोरीत ओतली."

मी अशी किंचाळले की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. पुढच्याच क्षणी आम्ही चौघंही मोरीत रांगत होतो. मामा टॉर्च धरून, मावशी चष्मा पुसत. अखेर जाळीला चिकटलेला ठिपका मावशीनं बोटावर अलगद उचलला.

"हा का गं आमचा जावई?"

मी तिला मिठीच मारली!

दुसऱ्या दिवशी मामाच्या टेंपोतून सगळं वऱ्हाड खोपोलीला. हर्षलानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मी तर मनातल्या मनात नव्या जातीचं बारसंही उरकलं.

"सुप्रिया," हर्षला हळूच म्हणाली, "अगं, ही मादी आहे."

मामा खोकला. मावशी छताकडे बघायला लागली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"जाऊ दे गं. पुढच्या रविवारी मीपण येते. शोधू दुसरा."

आईनं माझ्यासाठी नर शोधायचं म्हटलं आणि मी चक्क 'हो' म्हणाले, असं हे आयुष्यात पहिल्यांदाच घडलं!