शामराव मापाऱ्यांचा हात

शामराव कुणाच्याही घरी गेले की आधी कुत्रं उचलायचे आणि मग मालकाला जय भीम करायचे. "साडेबारा किलो," म्हणत कुत्रं खाली ठेवायचे. पांढुर्ण्याच्या कापूस बाजारात जन्मभर मापारी होते. म्हातारपणी एकटेच सौसरला आमच्या शेजारी राहायला आले. इथे तोलायला कापूस नव्हता, म्हणून त्यांनी मोहल्ल्यातली कुत्री धरली.

मला त्यांचा हेवा वाटायचा. स्पष्टच सांगतो, जळायचो मी. गुरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर मी, जंताच्या गोळ्या माझ्या दवाखान्यातल्या आणि वजनाप्रमाणे किती द्यायच्या ते लोक विचारणार शामरावांना! आमच्या शेरूचं वजन मी एकदा नजरेनंच पंधरा किलो ठरवलं. हे म्हणाले, "बारा. जास्त गोळी काहून चारून राहिले त्याले?" मी इरेला पेटलो. शेरूला किराणा दुकानाच्या काट्यावर बसवलं. बारा भरला. सगळा मोहल्ला हसला आणि तो मेला शेरू त्यांचाच हात चाटत बसला.

गोळी ते गुळात लपवायचे. गोचीड वेचून रॉकेलच्या डबीत टाकायचे, कुत्र्याची घाण फावड्यानं उचलून लांब पुरायचे. तोंडाचा पट्टा चालूच: "कुत्र्याचे जंत मातीत, मातीतून पोट्ट्याच्या हातात, हातातून तोंडात. धुवा रे हात!" माझी पोरं माझं कधी ऐकत नसत. त्यांच्या एका हाकेला नळावर पळायची.

शेवटी मी टोचून बोललोच. "एवढी हौस हाये तं सोताचं कुत्रं पाळा ना. आमचं काहून बिघडवून राहिले?"

शामराव शेरूच्या कानात गोचीड शोधत होते. त्यांचा हात थांबला.

"रामाकोन्याले पोरीच्या घरी पिल्लू नेलं होतं म्या, नातवासाठी. गोळी देलीच नाही. कोनाले मालूम होतं? त्याच्या जंतानं नातवाचा एक डोळा गेला. तवापासून पोरगी बोलत नाही. निदान जवळ असावं म्हनून सौसरले आलो." गोचीड डबीत टाकत म्हणाले, "तोललं बी होतं त्या पिल्लाले. दोन किलो भरलं."

 मी शेरूची साखळी त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "रोज तुमीच फिरवून आना याले."

शेरू माझ्याकडे वळूनसुद्धा न पाहता निघाला. वाईट वाटलंच मला. गल्लीच्या टोकाला शामरावांनी त्याला उचलून छातीशी धरलं. या वेळी वजन काही सांगितलं नाही.