टेप्लित्सेचा झरा आणि वाट चुकलेला उंट

युरोप बघायला लोक काय काय करतात! भिशी लावतात, टूरवाल्यांच्या मागे लागतात, बसमधून उतरून फोटो काढतात आणि पुन्हा बसमध्ये जाऊन बसतात. मी मात्र ठरवून टाकलं होतं, की आपण युरोपला फुकट जायचं. तेही बायकोसकट, आणि तेही दुसऱ्याचे गुडघे दाबत!

मी सुबोध. सौदीतल्या जुबैलच्या एका खासगी हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्या मालकाचं नाव फहद, म्हणून त्याच्या वडिलांना सगळे अबू फहद म्हणतात आणि आईला उम्म फहद. या अबू फहदचे गुडघे माझ्या ताब्यात असतात. दर उन्हाळ्यात ते चेक देशातल्या टेप्लित्से नावाच्या जुन्या शहरात जातात. तिथे जमिनीतून गरम पाण्याचा झरा येतो आणि त्यात डुंबलं की सांधे मोकळे होतात म्हणे. यंदा म्हातारीही पहिल्यांदाच बरोबर जाणार होती. सोबतीला एक फिजिओथेरपिस्ट हवा होता, आणि म्हातारीसाठी त्याची बायको.

ही बातमी हाशिरने आणली. हाशिर दापोलीचा, आमच्या रिसेप्शनवर असतो आणि अरबी अशी बोलतो, की अरबांनी त्याला शब्द विचारावेत. "जुम्म्याला म्हाताऱ्यान तुम्हा दोघांना जेवायला बोलावलान. बगून ठरवणार. तू नायतर दुसरा कोन तरी."

"दुसरा कोण? ठरलंच समज!" मी म्हणालो. "त्या शहराच्या इतिहासावर असं भाषण ठोकतो, की म्हातारा म्हणेल, याला नेलं नाही तर मीच हरवेन!"

विद्या तर माझ्याही पुढे. तिने भर जूनमध्ये जुबैलच्या दुकानांतून दोन स्वेटर पैदा केले! "नाशिकच्या ताईला सांगून टाकलंय," ती म्हणाली. "आता गेलो नाही, तर मी तिचा फोन उचलणार नाही. जन्मभर!"

मी तयारीला लागलो. इथल्या घरांत पुरुषांची बैठक वेगळी, बायकांची वेगळी. म्हणून भाषणही दोन ठिकाणी करायचं ठरलं. मी लॅपटॉपवर, विद्या फोन टीव्हीला जोडून. तिच्याकडून सगळं घोकून घेतलं. या शहराला 'छोटं पॅरिस' म्हणायचे. इथे राजवाडा आहे, त्याच्यामागे तळ्यांची बाग आहे, प्लेगच्या आठवणीचा उंच कोरीव खांब आहे. एक थोर संगीतकार आणि एक थोर कवी इथेच भेटले. आणि आता तर दुकानांवर अरबी पाट्यासुद्धा आहेत!

शेवटी दंतकथा. शेकडो वर्षांपूर्वी एका सरदाराची डुकरं रानात चरत होती. त्यातलं एक गरम पाण्यात पडलं, जिवाच्या आकांताने ओरडलं आणि झरा सापडला! त्याची आठवण म्हणून तिथे धातूचं डुकराचं मुंडकं बसवलंय, त्याच्या तोंडातून पाणी पडतं. मला ही गोष्ट इतकी आवडली, की मी तो फोटो मोठ्ठा करून शेवटी ठेवला. इतकी वर्षं सौदीत काढलेल्या माणसाला इथे काही खटकायला हवं होतं की नाही? नाही खटकलं!

शुक्रवारी बैठक भरली. कहवा फिरला, खजूर फिरले. मी इंग्रजीत बोलतोय, हाशिर अरबीत सांगतोय. राजवाडा झाला, बाग झाली, खांब झाला. पाहुणे "माशाल्ला, माशाल्ला" करत होते. मी मनात विमानात बसलोसुद्धा!

इतक्यात अबू फहद भरल्या आवाजात म्हणाले, "आणि ते पाणी! किती निर्मळ! नमाजाआधी मी त्याच पाण्याने हातपाय-तोंड धुऊन वजू करतो."

माझं बोट बटणावर, आणि पुढचा फोटो डुकराचा!

"काय झाला? बोल ना!" हाशिर कुजबुजला.

"पुढे डुक्कर आहे."

"या अल्ला! जेवायच्या आदी?"

"काय करू?"

"लाइट गेली असा सांग!"

"अरे, डोक्यावर झुंबर पेटलंय!"

मी धाडकन लॅपटॉप मिटला. "बॅटरी खलास!"

"ते असू दे," अबू फहद म्हणाले. "झरा पहिल्यांदा सापडला कुणाला?"

"उंटाला!" मी म्हणालो.

एका पाहुण्याने विचारलं, "चेक देशात उंट?"

"वाट चुकलेला होता."

हे अरबीत सांगताना हाशिरला ठसका लागला. अबू फहद डोक्यावरच्या रुमालात तोंड खुपसून गदगदा हलत होते. वाचलो, असं म्हणतोय तोच आठवलं, की पलीकडे विद्याकडे तेच डुक्कर आहे! टाइप करायला वेळ कुठे? मी मोबाइल काढला, विद्याला डुकराचं चित्र टाकलं, पुढे लाल फुली. पुन्हा डुक्कर, पुन्हा फुली. ओळीने पाठवत सुटलो!

बायकांच्या खोलीत एकच कल्ला उठला.

मी धावत बाहेर गेलो. विद्या लालबुंद होऊन बोळात उभी होती. "तो फोटो मी घरीच काढून टाकला होता! तू कुणाचं ऐकतोस का? म्हातारी माझा हात धरून बसली होती रे! आणि टीव्हीवर, राजवाड्याच्या डोक्यावर, तुझ्या नावानिशी धडाधड डुकरं!"

"मग?"

"मग काय? त्यांनी विचारलं, नवरा तुला डुकरं का पाठवतो? सांगितलं खरं काय ते!"

तेवढ्यात माझ्यामागून अबू फहद आणि हाशिरही बोळात आले आणि पडद्यामागून उम्म फहदचा आवाज कडाडला. हाशिर म्हणाला, "म्हाताऱ्याला इचारते, इतकी वर्सं तू डुकराच्या तोंडातल्या पान्यान वजू करतोस?"

अबू फहद माझ्या कानाशी वाकून मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. धातूचं मुंडकं ते, पाण्याला काय होतंय? पण तिला सांगायचं कशाला? तुझा उंट उत्तम होता रे!"

घरी आल्या आल्या विद्याने स्वेटर उचलून माळ्यावर टाकले.

दुसऱ्या दिवशी खुद्द फहदचा फोन! "मबरूक, अभिनंदन! तुमचीच निवड झाली. बाबा म्हणतात, अडचणीत उंट उभा करणारा माणूस पुन्हा मिळायचा नाही. आणि आईला खरं बोलणारी तुमची बायको फार आवडली."

विद्याने किंकाळी फोडली! स्वेटर खाली आले, ताईला फोन लागला.

"फक्त जागा बदललीय," फहद म्हणाला. "आई टेप्लित्सेला जायला तयार नाही. आपल्या अल-अहसालाही गरम झरे आहेत. गाडीनेच जाऊ. यल्ला!"

तर सध्या आम्ही अल-अहसात आहोत. ताईचा फोन वाजतो आणि वाजून थांबतो. ऑगस्टच्या हवेत इतकी आग आहे, की जरा गार वाटावं म्हणून मी गरम झऱ्यात जाऊन बसतो! कुंपणापलीकडे एक उंट येऊन उभा राहतो. अबू फहद रोज गुडघ्यापर्यंत पाण्यात बसून माझ्याकडे बघतात आणि उंटाकडे बोट दाखवतात.

"बघ, आला बिचारा," ते म्हणतात. "यालाही टेप्लित्सेच गाठायचं होतं!"