त्रेचाळीस बाटल्या आणि एक दाखला

पदार्थाला योग्य नाव नसेल तर विज्ञान एक पाऊलही पुढे टाकू शकत नाही. (बाकीचं जग टाकतं, पण त्याला परीक्षा द्यायची नसते.)

म्हणून १९७४ साली, वरून परिपत्रक येताच, कामरगावकडच्या आमच्या हायस्कुलात मी विज्ञानशिक्षक या नात्याने एका दुपारीत त्रेचाळीस बाटल्यांची नावं बदलली. मोरचूद कॉपर सल्फेट झालं, नवसागर अमोनियम क्लोराइड, धुण्याचा सोडा सोडियम कार्बोनेट. जुनी लेबलं भिजवून खरवडली प्रयोगशाळेचा शिपाई भिवाजी याने. नव्यांना खळही त्यानेच लावली. देखरेख अर्थात माझी.

क्षाराला नाव देण्याची रीत मोठी न्यायाची आहे. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की दोघांचाही स्वभाव जातो, तिसराच पदार्थ होतो. नाव मात्र दोन्ही घराण्यांचं लावायचं. मिठात सोडियमचा भडका नाही, क्लोरीनची घुसमट नाही, तरी लेबलावर दोघेही हजर. (प्रयोगशाळेतलं मीठ चाखू नये, असा नियम मी फळ्यावर लिहिला होता. भिवाजीच्या डब्यातलं मीठ मी नियम नसतानाही चाखत नसे.)

संध्याकाळी हात पुसत भिवाजी म्हणाला, "सर, आमच्या अंजनाचा दाखला लिहून राह्यले न तुमी? जातीच्या रकान्यात जुनंच नाव हाय. आमी छप्पन सालीच दीक्षा घेतली. पोरगी तं त्याच्या बादची हाय. बौद्ध लिहा न."

अंजना त्याची मुलगी. मॅट्रिक झालेली, सोमवारी अकोल्याला नर्सिंगला निघालेली.

"त्याला प्रक्रिया आहे, भिवाजी."

"मोरचुदाले किती दिवस लागले, सर?"

मी उत्तर टाळलं नाही, सविस्तर दिलं: अर्ज, दोन साक्षीदार, मुख्याध्यापकांचा शेरा, आणि मूळ रजिस्टर सापडणं. (ते माझ्याच कपाटात होतं. किल्ली माझ्याच जानव्याला.)

सोमवारी अंजना तोच दाखला घेऊन बसमध्ये चढली. भिवाजी पोचवायला आला होता. त्याने मला नमस्कारही केला. मला लाज वाटली. म्हणून शाळेत परतून मी सगळी लेबलं पुन्हा तपासली. एकही चूक नव्हती.

त्या रकान्यात मी कोणतं नाव लिहिलं, ते इथे कुठेही दिलेलं नाही. वाचता वाचता तुम्हीच ते भरलंत. अर्ज लागला नाही, साक्षीदार लागले नाहीत.